नारिंगी सुप्रा आणि एमएच ३२

'द फास्ट अँड द फ्युरियस' (२००१) मधली पॉल वॉकरची नारिंगी टोयोटा सुप्रा आठवते ना? आमच्या वर्ध्यात एमएच ३२ पाटीच्या गाड्यांवर तिची हौस अजून दिसते. स्टिकर, मागे पंख, कानठळ्या बसवणारा सायलेन्सर!

गंमत म्हणजे टर्बो सुप्राचं मर्म बाहेरून दिसतच नाही. ते तिच्या तीन लिटरच्या, सहा सिलिंडरच्या टू-जे-झेड इंजिनात आहे. त्याचा ब्लॉक बिडाचा, इतका दणकट की ताकद दुप्पट केली तरी सोसतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, सर्व्हरला आधीच भरपूर हेडरूम! आपल्या हॅचबॅकला कुठली आलीये ती?

सिनेमातली ती सुप्रा २०२१ मध्ये लिलावात साडेपाच लाख डॉलरला गेली. पॉल वॉकर मात्र २०१३ मध्येच गेला, चाळिसाव्या वर्षी. भरधाव पोर्शे मित्र चालवत होता, हा शेजारी बसला होता.

आता वर्धा जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. सरळसोट सिमेंटचा रस्ता, कारला मर्यादा १२०, आणि मे महिन्यात पारा ४५च्या घरात. अशात जुना टायर किती टिकणार?

असो. स्टिकर लावा भाऊ, हौसेला मोल नाही. पण पहिला पैसा टायर अन् ब्रेकवर घाला.