धबधबा कुठून पाहावा? युगांडातील तीन ठिकाणे आणि ज्येष्ठांचा प्रवास

धबधबा पाहायला जायचे ठरले की घरात बहुधा दोन तट पडतात. तरुण मंडळी पायथ्यापर्यंत उतरण्याचे बेत आखतात आणि सत्तरीतल्या आई-वडिलांना सांगितले जाते, ‘तुम्ही खोलीवरच विश्रांती घ्या.’ कधी याच्या उलटही घडते. ‘इतक्या दूर आलात, आता पाहायलाच हवे,’ या आग्रहाखातर दुखऱ्या गुडघ्यांना निसरड्या पायवाटेवर नेले जाते. या दोन्ही गोष्टी टाळता येतात, कारण धबधबा पाहण्याची जागा एकच नसते. तो समोरच्या कड्यावरून दिसतो, माथ्यावरून दिसतो आणि पाण्यातूनही दिसतो. आपल्या प्रकृतीला मानवेल ती जागा आधीच निवडणे, हेच प्रवासाच्या तयारीतील सर्वांत महत्त्वाचे काम होय. पूर्व आफ्रिकेतील युगांडा या देशात ही निवड किती सहज करता येते, ते पाहू.

जिंजा : नमस्कार काठावरूनच

राजधानी कंपालापासून पूर्वेला सुमारे ८० किलोमीटरवर जिंजा हे गाव आहे. येथे व्हिक्टोरिया सरोवराचे पाणी बाहेर पडते आणि नाईल नदीचा प्रवास सुरू होतो. १८६२ साली जॉन हॅनिंग स्पीक हा इंग्रज प्रवासी येथे पोहोचला, तेव्हा त्याने रिपन नावाचा धबधबा पाहिला. १९५४ साली ओवेन फॉल्स धरण पूर्ण झाले आणि तो धबधबा पाण्याखाली गेला. आता तेथे रुंद, संथ प्रवाह दिसतो. काठावर महात्मा गांधींचा अर्धपुतळा आहे. १९४८ साली त्यांच्या अस्थींचा काही भाग येथे विसर्जित करण्यात आला होता.

आपल्यापैकी अनेकांचा हात अशा ठिकाणी आपोआप पाण्याकडे जातो. ओंजळभर पाणी डोळ्यांना लावावे, पाय बुडवून बसावे, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु येथे तो मोह आवरावा. युगांडातील सरोवरांच्या आणि नाईलच्या पाण्यात शिस्टोसोमियासिस, म्हणजेच बिल्हार्झिया, या रोगाच्या परजीवींचा वावर आहे. गोड्या पाण्यातील गोगलगायींच्या शरीरातून बाहेर पडलेल्या त्यांच्या सूक्ष्म अळ्या अखंड त्वचेतूनही शरीरात शिरतात आणि पुढे आतडी व यकृत यांना इजा करतात. पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. नमस्कार काठावरूनच करावा. चुकून पाय भिजलेच, तर ते लगेच खसखसून कोरडे करावेत आणि परतल्यावर डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी. काही आठवड्यांनंतरच्या तपासणीत या रोगाचे निदान होऊ शकते आणि त्यावर गुणकारी औषध उपलब्ध आहे.

सिपी : खुर्चीतून दिसणारा धबधबा

जिंजाहून आणखी पूर्वेला, केनियाच्या सीमेवरील माउंट एल्गन या पुरातन ज्वालामुखीच्या उतारावर सिपी गाव वसले आहे. येथे एकाच नदीचे तीन धबधबे आहेत. त्यांपैकी सर्वांत खालचा सुमारे १०० मीटरवरून कोसळतो. गावाची उंची साधारण १,८०० मीटर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून चारशे-साडेचारशे मीटर अधिक. एवढ्या उंचीवर विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. मात्र संध्याकाळी गारवा जाणवतो, म्हणून स्वेटर आणि कानटोपी हाताशी असावी.

मोठ्या धबधब्याच्या पायथ्याशी जाणारी वाट तीव्र उताराची आहे आणि पावसानंतर ती चिखलाने निसरडी होते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : चढताना दम लागतो, म्हणून माणूस थांबतो, उतरताना दम लागत नाही, म्हणून तो थांबत नाही. गुडघ्यांवरचा भार मात्र उतरताना वाढतो आणि ज्येष्ठांचे तोल जाण्याचे प्रसंग बहुधा तेव्हाच येतात. निघण्यापूर्वी महिनाभर आधी घरच्या इमारतीत स्वतःची परीक्षा घ्यावी. दोन मजले न थांबता चढता येतात का? तेच दोन मजले कठड्याचा आधार न घेता उतरता येतात का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर सिपीचा पायथा तरुणांसाठी सोडून द्यावा. चढताना छातीत दडपण येत असेल, तर मात्र प्रवासाचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी.

पायथा सोडला म्हणून काही मोठे हुकत नाही. गावातील निवासांच्या अंगणातून, समोरच्या कड्यावरून, हाच धबधबा पूर्ण उंचीने दिसतो. पायथ्याशी गेलेल्याला तुषार मिळतात; संपूर्ण धबधबा मात्र खुर्चीत बसलेल्यालाच दिसतो. या उतारांवर अरेबिका कॉफीच्या बागा आहेत. कॉफीची फळे सोलण्यापासून बिया भाजून उखळात कुटण्यापर्यंतची सारी कृती येथील शेतकरी पाहुण्यांना दाखवतात. धबधब्यावर न जाणाऱ्यांची दुपार तेथे आनंदात जाते.

मर्चिसन : वाट पाण्यातून

जिंजाला संथ दिसलेली तीच नाईल देशाच्या वायव्येस, मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानात, अगदी वेगळ्या रूपात भेटते. येथे सारी नदी सुमारे ७ मीटर रुंदीच्या खडकाळ फटीतून घुसते आणि ४३ मीटर खाली कोसळते. बागेतील रबरी नळीचे तोंड बोटाने दाबल्यावर पाणी जसे उसळते, तसाच हा प्रकार, फक्त एका महानदीच्या प्रमाणावर.

या धबधब्याला हे नाव सॅम्युअल बेकर याने १८६४ साली दिले. त्याची पत्नी फ्लोरेन्स त्याच्यासोबत होती. या प्रवासात दोघेही तापाने जर्जर झाले होते आणि त्यांच्याजवळचे क्विनाइन संपले होते. त्यांनी हा धबधबा पाहिला तो डोंगर चढून नव्हे, तर होडीतून. आजही पारा येथून निघणारी बोट प्रवाहाविरुद्ध धबधब्याच्या दिशेने जाते. काठावर पाणघोडे, मगरी, हत्ती आणि पक्षी दिसतात आणि चालावे लागते ते केवळ धक्क्यापर्यंत. माथ्यावरही वाहनाने जवळपर्यंत जाता येते. मात्र तेथील खडक तुषारांनी ओले असतात, म्हणून रबरी तळव्याचे, मागून बंद असलेले बूट घालावेत. सोबतच्या वाटाड्याने हात पुढे केला, तर तो संकोच न करता धरावा. मध्य युगांडातील लुगांडा भाषेत आजी-आजोबांना ‘जाजा’ म्हणतात. आपल्या ‘आजा’ या शब्दाच्या किती जवळचा हा शब्द! वडीलधाऱ्यांचा मान तेथेही राखला जातो.

कंपालापासून मर्चिसन सुमारे ३०० किलोमीटर आहे. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून चक्कर, बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा संसर्ग उद्भवतो. सोबतच्यांनी दर दोन तासांनी थांबण्याचे चालकाला निघतानाच सांगून ठेवावे. लघवी वाढवणारी गोळी सुरू असल्यास ती परस्पर बंद करू नये. तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. युगांडाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते, तेव्हा इन्सुलिनच्या वेळाही आधीच लिहून घ्याव्यात. जेवणाची फारशी चिंता नसते. चपाती तेथे घरचीच झाली आहे आणि उसळीसारखा घेवडाही मिळतो. वाफवून कुस्करलेली ‘मटोके’ ही हिरवी केळी चविष्ट असली, तरी मधुमेहींनी तिला भाताच्या जागी मोजावे, भाजीच्या नव्हे.

तिकिटाआधीचे दोन प्रश्न

पहिला प्रश्न पीतज्वराच्या लसीचा. युगांडात प्रवेशासाठी आणि तेथून भारतात परतण्यासाठी या लसीचे प्रमाणपत्र लागते. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ते ग्राह्य होते आणि पुढे आयुष्यभर चालते. साठीनंतर ही लस प्रथमच घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता तरुणांपेक्षा अधिक असते. असे दुष्परिणाम विरळ असले, तरी ते नाकारता येत नाहीत. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांना आणि काही विशिष्ट आजार असणाऱ्यांना ही लस देता येत नाही. प्रमाणपत्र नसलेल्या प्रवाशाला परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवण्याची तरतूद आपल्याकडे आहे. म्हणून हा निर्णय तिकीट काढण्याआधी व्हावा, नंतर नव्हे.

दुसरा प्रश्न हिवतापाचा. तेथील हिवताप बहुतांशी फाल्सिपारम या घातक प्रकारचा असतो आणि त्यावर क्लोरोक्विनचा भरवसा नसतो. प्रतिबंधक गोळ्यांचे तीन-चार पर्याय आहेत. हृदयाची लय, मूत्रपिंडाचे कार्य आणि वॉरफरिनसारखी औषधे लक्षात घेऊन डॉक्टर त्यांतून निवड करतात. आपल्या सर्व चालू औषधांची यादी त्यांच्यासमोर ठेवावी. सायंकाळपासून पहाटेपर्यंत पूर्ण बाह्यांचे कपडे, डास दूर ठेवणारे मलम आणि मच्छरदाणी, हे तिन्ही हवेतच. गोळ्या परतल्यानंतरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्यात. घरी आलो म्हणून त्या थांबवू नयेत.

आणि हे वाक्य सोबत जाणाऱ्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे : परतल्यानंतर वर्षभरात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे आणि लक्षणे सांगण्याआधी सांगायचे, ‘आम्ही युगांडाला जाऊन आलो आहोत.’ ज्येष्ठांमध्ये ताप कधी कधी केवळ ग्लानी किंवा असंबद्ध बोलणे या रूपात दिसतो. त्याला थकवा समजून उद्यावर ढकलू नये.