तक्रार आणि खूण

आमची अम्मी आजारपण सांगणाऱ्यांपैकी नाही. कसं वाटतंय विचारलं की उत्तर एकच, "कुछ नै, जरा थकान है." १५ वर्षांचा मधुमेह, त्यात ब्लडप्रेशर, तरी घरातला पहिला चहा तिच्याच हातचा. मागच्या हिवाळ्यात मात्र ती थकव्याचं रोजच बोलू लागली. आम्ही भावंडांनी थर्मामीटर लावला, ताप नाही. शुगर तपासली, नेहमीसारखीच. वय झालं, असं म्हणून आम्ही मोकळे झालो.

एकदा फजरच्या वेळी धाकटी बहीण अम्मीच्या पायांवर वजूचं पाणी घालत होती. घोटे सुजलेले दिसले. तिनं नडगीवर अंगठ्यानं दाबून पाहिलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. तेव्हा भाभी म्हणाली, "पंधरा दिवस झाले, अम्मी रात्री दोन-दोन उशा घेतात, मध्येच उठून बसतात. मी सांगितलं होतं." सांगितलं होतं खरं. कुणी मनावर घेतलं नव्हतं.

डॉक्टरांनी मानेच्या शिरा पाहिल्या, पाठीला स्टेथोस्कोप लावला, पाय दाबले. ईसीजी, टूडी इको झाला. हृदयाची ताकद कमी झाल्यानं अंगात पाणी साठत होतं. मग त्यांनी आम्हाला समोर बसवलं. "थकवा, आडवं झाल्यावर लागणारा दम, हे फक्त अम्मींनाच कळतं. ती झाली तक्रार. सूज, वाढलेलं वजन, छातीतला आवाज हे दुसऱ्याला दिसतं, ऐकू येतं, मोजता येतं. ती खूण. मला दोन्ही हवं." बोलताना आपण दोन्हींना लक्षणच म्हणतो. आमची गल्लत तिथंच झाली असेल. तक्रार होती, पण ताप नव्हता, म्हणजे आजार नाही!

आणि दोन्ही नेहमी जोडीनं येतात असंही नाही. ब्लडप्रेशर वाढलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. मधुमेहात पायाची संवेदना गेली तर टाचेत खिळा घुसला तरी दुखत नाही. कोरोनात काहीजण फोनवर आरामात बोलत असायचे आणि बोटाला लावलेलं यंत्र ऑक्सिजन उतरलेला दाखवायचं. तुमच्या घरी मधुमेह असलेलं वडीलधारं माणूस असेल तर रोज त्यांचे तळवे पाहा, बोटांच्या बेचक्यांतही. आमची अम्मी लाजते, पाय ओढून घेते. आम्ही तरी पाहतोच.

आता आम्ही एक वही केली आहे. डावीकडे अम्मी सांगते ते, तिच्याच शब्दांत. उजवीकडे वजन, बीपी, सूज. वजन रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा, असं डॉक्टरांनी बजावलंय. एकदा डाव्या रकान्यात सलग तीन दिवस "कुछ नै" आणि उजवीकडे ६१ चे ६३.५ झालेले. फोन केला, डॉक्टरांनी गोळी वाढवली, सूज उतरली. दवाखान्यात दाखल करावं लागलं नाही.

खरी शरम वाटते ती भाभीसमोर. तिला कित्येक वर्षांची अर्धशिशी. ताप नाही, सूज नाही, सीटी स्कॅन नॉर्मल. आम्ही आपसांत म्हणायचो, पाहुणे यायचे असले की हिचं डोकं कसं दुखतं? अर्धशिशीत तपासून सहसा हाती काही लागत नाही, दुखणाऱ्याच्या सांगण्यावरूनच ती ओळखावी लागते, हे त्याच डॉक्टरांकडून कळलं. भाभी तेव्हा शेजारीच बसली होती. काही बोलली नाही.

वहीत आता तिचंही पान आहे. त्यातला उजवा रकाना रिकामाच असतो. परवा डावा रकाना अम्मीनं भरला, "दुपारपासून डावी बाजू. उलटी एकदा. उजेड नको म्हणते. स्वयंपाक मी बघते."