टिळकांची राहिलेली कविता

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) मी वर्षानुवर्षे शिकवत आलो ते ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून. ‘वनवासी फूल’, निसर्ग, वात्सल्य, करुणा. परीक्षेपुरते उत्तर तयार. शेवगावच्या वर्गात एकदा मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, यांची चर्चमधली गीते नाहीत का अभ्यासाला? आमच्या आजीला कितीतरी पाठ आहेत.” आजी निरक्षर. तिने आयुष्यभर जपलेल्या कवितेतली एकही ओळ मला, मराठीच्या प्राध्यापकाला, ठाऊक नव्हती.

मग मी ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे गीतपुस्तक मिळवले. अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ साली सुरू झाले. आरंभीच्या गीतकारांत हेन्री बॅलंटाईन यांच्यासारखे मिशनरी होते. परदेशी चालीवर मराठी शब्द बसवायचा, तर ऱ्हस्वदीर्घाची ओढाताण होणारच. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्तकथेला कीर्तनाचा बाज दिला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक तर तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असेच म्हणत. त्यांच्या भक्तिगीतांत तो पूल जागोजाग दिसतो: अभंगाची ठेवण, देवाला मायबाप मानणारी सलगी, घरगुती मराठी. भजनाचा कान असलेल्या माणसांना ही गीते शिकायला अक्षरओळख लागली नाही. ती टिकली ती या कानामुळे.

आपण वाङ्मयेतिहासात मात्र टिळकांची वाटणी करून टाकली. कवी वर्गात आला, भक्त चर्चमध्ये राहिला. तुकारामांच्या बाबतीत आपण अशी वाटणी कधी केली नाही. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आपण प्रेमाने शिकवतो. त्या घरात रचली गेलेली गीते वर्गात कधी ऐकवत नाही.

पुढच्या तासाला मी त्या मुलीला एक गीत म्हणायला सांगितले. दोन कडवी तिने सुरेख म्हटली. वर्ग स्तब्ध झाला. तिसऱ्या कडव्याला ती अडली. “आम्ही मुलं आता हिंदी गाणीच जास्त म्हणतो, सर,” ती ओशाळून म्हणाली, “पुढचं आजीला विचारून येते.”

विचारायला आजी आहे, तोवर ठीक. त्यानंतर ते तिसरे कडवे पुस्तकात असेल. पण त्याची चाल?