तळपायातला खर्ज

चार तारांच्या बेस गिटारची सर्वात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. माणसाचा कान साधारण २० कंपनांपासून ऐकू लागतो, म्हणजे ही तार ऐकण्याच्या हद्दीत येते, पण जेमतेम. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं, की कान सगळ्या सुरांना सारखं वागवत नाही. खालचा सूर वरच्या सुराइतका मोठा वाटायला हवा, तर त्यात कितीतरी अधिक जोर ओतावा लागतो. कानाची ही उणीव अंग भरून काढतं. छाती, मांड्या, पोटऱ्या, तळपाय.

मी खर्ज आधी मांडीनेच ओळखला. वाईला आजोळी माडीवर भजन व्हायचं. मामा पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापायचा, थोडी काढायचा, पुन्हा लावायचा, आणि मनासारखा घुमारा निघाला की मान डोलवायचा. माडीची जमीन लाकडी फळ्यांची. मी त्याला खेटून बसलेला असायचो आणि थाप पडली की फळीतून ती माझ्या मांडीत चढायची. अभंगाचे शब्द कळायच्या आधीपासून ती थाप माझ्या ओळखीची आहे.

पुढे बेस हाती आला आणि या वाद्याच्या इतिहासात एक गोष्ट मला सतत दिसत राहिली: थरथर वाजवणाऱ्यापासून दूर दूर जात राहिली आहे. उभा डबल बेस वादकाच्या अंगाला टेकलेला असतो, त्याची खालची खुंटी जमिनीवर रोवलेली असते. सूर पोटातून आणि पायातून एकदमच जातो. १९५१ साली लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला. भरीव लाकडाचं ते वाद्य खांद्याला अडकवता आलं, पडद्यांमुळे सूर चोख लागू लागले, पण आता हवा हलवायचं काम मागच्या अ‍ॅम्पकडे गेलं. आम्ही ऑर्केस्ट्रावाले त्या कॅबिनेटच्या पुढ्यात उभे राहायचो, विजारीचे पाय फडफडायचे आणि आपण काय वाजवतोय ते कळायचं. मग कानात घालायचे इन-इयर मॉनिटर आले आणि रंगमंचावरचे मोठे खोकेही गेले.

इन-इयरला नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. वादकांचे कान त्यांनी वाचवले आहेत आणि गाणाऱ्याला आपला सूर स्वच्छ ऐकू येतो. पण बेसवाल्याला त्यात नुसता सुराचा पत्ता मिळतो, त्याचं वजन मिळत नाही. वजन जाणवेनासं झालं की बोटं आपोआप जास्त जोराने तार ओढू लागतात. त्याहून वाईट म्हणजे सूर नेमका कुठे थांबला हे धूसर होतं. बेस वाजवण्यातली निम्मी कला सूर केव्हा सोडायचा यात आहे. ढोलकीच्या दोन थापांमध्ये बेस गप्प बसला तरच ठेका उभा राहतो.

म्हणून वर उभं राहून वाजवायचा, थरथर पायांत पोहोचवणारा एक पाट करायला घेतला. घरी सिनेमा पाहणारे सोफ्याखाली एक शेकर बसवतात. त्यात स्पीकरसारखंच चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं, पण कागदी शंकू नसतो. आतलं वजन हलतं आणि ज्याला तो आवळलाय त्याला हलवतं. दोन फूट बाय अडीच फुटांचं १८ मिलिमीटरचं प्लायवूड घेतलं, मधोमध खालून शेकर बोल्टांनी आवळला आणि चार कोपऱ्यांना मऊ रबराचे पाय दिले. पाय कडक असले तर थरथर रंगमंचाच्या फळ्यांत उतरते आणि तिथून गायकाच्या माइकमध्ये शिरते.

खरी मेहनत पुढेच होती. प्रत्येक फळीला स्वतःचा एक लाडका सूर असतो. या फळीचा मोकळ्या ‘ए’ तारेजवळ, ५५ कंपनांच्या आसपास होता. तेवढाच सूर गरजायचा आणि शेजारचे सूर पायाला लागतच नसत. सुताराने खालून आडव्या पट्ट्या मारून फळी कडक केली, तेव्हा तो गरजणारा सूर वर सरकला. पण फळीवर माणूस उभा राहिला की हिशोब पुन्हा बदलतो, म्हणून प्रत्येक चाचणी वाद्य गळ्यात घालून, उभं राहूनच करावी लागते. गुडघे ताठ ठेवले तर थरथर थेट कवटीपर्यंत जाते, किंचित वाकवले तर पोटऱ्यांतच राहते.

दुसरा प्रश्न त्वचेचा. फिलिप्पो पाचिनी या इटालियन वैद्याने १९व्या शतकात वर्णन केलेले कातडीखालचे सूक्ष्म गोळे सेकंदाला २५० च्या आसपासच्या थरथरीला सर्वाधिक हळवे असतात. त्यामुळे तारेवर बोट घासल्याची खरखर तळव्यांना मूळ सुरापेक्षा जास्त टोचू लागते. शेकरकडे जाणारा आवाज १२० च्या वर कापला तेव्हा पाय शांत झाले आणि चारही तारा वेगवेगळ्या उमटू लागल्या. शिवाय दहा फूट मागच्या अ‍ॅम्पचा आवाज पोहोचायला सुमारे नऊ मिलिसेकंद लागतात. पाटावर ती वाटही उरत नाही.

एव्हलिन ग्लेनी हिचं मला फार मोल वाटतं. बाराव्या वर्षापर्यंत तिची श्रवणशक्ती जवळजवळ गेली होती आणि तरीही ती जगातली अव्वल तालवादक झाली. ती अनवाणी वाजवते. खालचे सूर पायांत आणि वरचे चेहऱ्यावर, मानेवर, छातीवर कसे जाणवतात हे तिने सविस्तर मांडलं आहे. तिचं वाचल्यावर मीही पाटावर चपला काढून उभा राहू लागलो. रबरी तळव्याने खर्जाचा केवढा भाग गिळला होता ते तेव्हा समजलं.

आता एका तरुण मित्राला असाच पाट हवाय, पण तो पाच तारांचा बेस वाजवतो. त्याची सर्वात खालची ‘बी’ तार ३१ कंपनांच्या जरा आत. तिच्यासाठी हे रबर पुरेसं मऊ नाही आणि शेकरही जास्त वजनाचा लागेल. फळी थोडी लांब घ्यायची, पट्ट्या मात्र आणखी जाड. सुताराला रविवारी बोलावलंय. मित्राला सांगितलंय, बेस घेऊन ये, आणि अनवाणी ये.