टेनिस न खेळता टेनिस एल्बो

'टेनिस एल्बो' हे नाव ऐकलं की मला हसू येतं. आमच्या मुरुडात (दापोलीजवळचं बरं का, जंजिऱ्याचं नव्हे!) टेनिस कोण खेळतंय? इथे समुद्र, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि घरोघरी विळी. तरी माझ्या ओळखीत हे दुखणं झालेल्या चार जणी आहेत. पाचवी मी.

मला झालं तीन वर्षांपूर्वी, गणपती उरकल्यावर. घरात पाहुणे भरपूर, आठवडाभर नारळ खवणं आणि चादरी पिळणं चाललं होतं. मग उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठणका लागला. चहाचं पातेलं उचललं की आता हातातून सुटणार असं वाटे. इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेला हात, पण साधी सही करताना कळ येई. त्यात मी एकटी राहणारी. मुलगा म्हणू लागला, "आई, आता मुरुड पुरे, इकडे ये." म्हणजे प्रश्न कोपराचा राहिला नाही, घराचाच झाला!

दापोलीच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने नीट समजावलं. दुखतं कोपराला, पण दुखण्याचं मूळ मनगटाच्या कामात असतं. मनगट वर उचलणारे स्नायू एका कंडरेने कोपराच्या बाहेरच्या हाडाला बांधलेले असतात. आपण काहीही घट्ट धरलं की मनगट स्थिर ठेवायला हेच स्नायू राबतात. सुंभाची दोरी रोज त्याच जागी घासली की तिचे पदर विरतात ना, तसं त्या कंडरेचं होतं. कंडरेला रक्त कमी मिळतं, म्हणून ती सांधायला वेळ लागतो. हेच दुखणं कोपराच्या आतल्या बाजूला झालं तर त्याला 'गोल्फर्स एल्बो' म्हणतात. (गोल्फ तर त्याहून दूर!) गंमत म्हणजे १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरांनी या दुखण्याचं वर्णन केलं ते लिहिणाऱ्यांच्या हाताबद्दल लिहिताना. टेनिसचं नाव नंतर चिकटलं. म्हणजे आम्हा मास्तर लोकांचा मान आधीचा!

आपल्या सचिनचं आठवतं ना? २००४च्या ऑगस्टमध्ये त्याचं कोपर दुखू लागलं. मे २००५मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि २५ ऑक्टोबरला तो नागपूरला श्रीलंकेविरुद्ध परत खेळायला उतरला. त्या दिवशी ९३ धावा केल्या. पुढे डिसेंबरमध्ये दिल्लीला ३५वं कसोटी शतक ठोकून त्याने गावसकरांचा विक्रम मोडला. पण शस्त्रक्रियेनंतरचे ते पाच महिने तो थांबला होता, हे लक्षात घ्या.

आपल्यापैकी बहुतेकांना शस्त्रक्रिया लागतच नाही. वर्षभरात हात बरा होतो. लवकर आराम पडावा म्हणून पुष्कळजण स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतात. ब्रिस्बेनला १९८ जणांवर केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सर्वांत पुढे होते, पण पुढे त्यांच्यातल्याच बऱ्याच जणांचं दुखणं उलटलं. वर्षअखेरीस व्यायाम करणारे त्यांच्यापेक्षा बरे होते.

मला दिलेला व्यायाम असा. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, सुरुवातीला जेमतेम पाव भरलेली. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर न्यायचं आणि पाच आकडे मोजत सावकाश खाली सोडायचं. थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं असेल तर पाणी कमी करायचं. जड वस्तू तळवा वर ठेवून, अंगाजवळ धरून उचलायची. हात गळ्यात बांधून बसायचं मात्र नाही. कंडरेला बेताचं काम लागतंच. बाटली पूर्ण भरायला मला तीन महिने लागले आणि हात पूर्ण बरा व्हायला आठ.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, कोपर सुजून लाल झालं असेल, ताप असेल किंवा हात सरळच होत नसेल, तर हे व्यायाम करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. त्यांची कारणं वेगळी असतात.

असो. मुरुड सुटलं नाही. नारळ मी आता अर्धा सकाळी खवते, अर्धा संध्याकाळी. एक मात्र मनात राहिलं. सचिनच्या कोपराची काळजी सगळ्या देशाने केली आणि ते योग्यच होतं. पण तेच दुखणं घेऊन विळीवर बसलेल्या बाईला "वय झालं" म्हणून गप्प करतात. तुमच्या घरात कोणी पातेलं उचलताना हात झटकत असेल तर तिला दोन महिने तरी त्या कामातून मोकळं करा. नारळ दुसऱ्या कोणी खवला म्हणून मोदक काही कडू होत नाहीत!