उतरवून घेणे ग्राहकाकडे

मार्चमधल्या एका सकाळी पावणेसातला लॉरीवाल्याचा फोन आला. मी दात घासत होतो. तो म्हणाला, "प्लॉटवर पोचलोय. क्रेन कुठे आहे?"

मी विचारलं, "कुठली क्रेन?"

पलीकडे जरा वेळ शांतता. बेसिनसमोर उभ्या उभ्या मला समजलं, की गेले आठ महिने ज्या सौद्याबद्दल मी ऑफिसात फुशारक्या मारत होतो, त्यात काहीतरी वाचायचं राहून गेलंय.

आम्ही अ‍ॅबर्डीनशरमध्ये राहतो. तेलाच्या धंद्यामुळे अ‍ॅबर्डीनला आलेल्या मराठी इंजिनिअरांपैकी मी एक. इन्व्हरयुरीच्या पुढे एका शेताच्या कडेला आम्ही जमिनीचा तुकडा घेतला आणि स्वतःचं घर स्वतः उभं करायचं ठरवलं. स्वतः म्हणजे हातात करवत घेऊन नव्हे, तर आर्किटेक्ट, गवंडी, प्लंबर यांची मोट आपण बांधायची. स्कॉटलंडमध्ये नवीन घरांपैकी तीनचतुर्थांशाहून जास्त घरांचा सांगाडा लाकडाचा असतो. बाहेरून ब्लॉकची भिंत आणि तिच्यावर हार्लिंगचा खडबडीत गिलावा असल्यामुळे दगडामातीचं घर वाटतं, पण छपराचा भार आतलं लाकूड पेलतं. हा सांगाडा कारखान्यात तयार होतो. 38 बाय 140 मिलिमीटरचे स्टड दर 600 मिलिमीटरवर, त्यावर ओएसबीचा, म्हणजे लाकडाच्या कपच्या दाबून केलेला तक्ता, त्यावर वाऱ्यापावसाला अडवणारा पडदा. अशी पॅनलं आणि छपराच्या कैच्या लॉरीत भरून प्लॉटवर येतात. याला इथे सगळे 'किट' म्हणतात.

राजापूरच्या काकांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "लाकडाचं घर? आणि वाळवी?" इथे वाळवी नसते हे मी त्यांना मोठ्या रुबाबात समजावलं. नको तिथे हुशार होतो मी.

तीन कंपन्यांचे दर मागवले. पहिलीचा आकडा 47,800 पौंड, दुसरीचा 63,500, तिसरीचा 66,200. तिन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि तळाच्या ओळी वाचल्या. फक्त तळाच्या ओळी. पहिल्या कंपनीचा माणूस घरी आला होता, दोनदा गोव्याला जाऊन आलेला, बायकोने केलेले पोहे त्याने मागून घेतले. त्या वेळी 2021 मधली लाकडाची दरवाढ सगळ्यांच्या डोक्यात ताजी होती, आणि त्याचा दर तीस दिवसांपुरताच होता. एकोणतिसाव्या दिवशी मी सही केली.

यातली लाजिरवाणी गोष्ट वेगळीच आहे. माझी नोकरीच मुळी कंत्राटांच्या तुलनेची आहे. समुद्रातल्या पाइपलाइनच्या कामाला चार जणांचे दर आले, की मी आधी तक्ता बनवतो: कोणतं काम कोणाच्या हद्दीत, बोट कोणाची, क्रेन कोणाची, खराब हवामानाचे दिवस कोणाच्या खात्यात. तो तक्ता भरल्याशिवाय किंमत बघायचीच नाही, असं मी नव्या पोरांना शिकवतो. घरच्या टेबलावर एक साधा आडवा-उभा कागद करायला मला अर्धा तास लागला असता.

तो मी केला क्रेनच्या फोननंतर, त्याच रात्री. पहिल्या कंपनीचा दर नुसत्या मालाचा होता. दुसरीच्या दरात माल, उभारणी, क्रेन, भिंतींतलं इन्सुलेशन, खिळे-क्लिपा सगळं होतं. माझ्याकडे उभारणीवाल्यांचे 8,900 वेगळे गेले, इन्सुलेशनचे 5,100, क्रेन आणि उचलायच्या यंत्राचे 1,300, आणि सांध्याच्या लोखंडी सामानाचे 900. बेरीज 64,000. दुसरीपेक्षा पाचशे पौंड जास्त, आणि अजून घराचा एक खांब उभा नव्हता.

कंपनीने मला फसवलं असं म्हणायची सोय नाही. चौथ्या पानावर, रंगांच्या तक्त्याखाली, सरळ लिहिलं होतं: माल उतरवून घेणे ग्राहकाकडे.

व्हॅटचंही तसंच. तीच कंपनी माल पुरवून उभारूनही देत असेल, तर नव्या घराला व्हॅट शून्य दराने लागतो. नुसता माल घेतला की त्यावर 20 टक्के. तो परत मिळतो, पण घर पूर्ण झाल्यावर, एकदाच अर्ज करून. म्हणजे 47,800 वर 9,560 पौंड मी सरकारला दीड वर्ष बिनव्याजी उसने दिले. आर्किटेक्टने हे एकदा ओझरतं सांगितलं होतं. मी 'परत मिळतो' एवढंच ऐकलं.

आणि पैसे द्यायचे केव्हा? घर बांधणाऱ्याला बँक कर्ज टप्प्याटप्प्याने देते. आमच्या बँकेचा नियम असा, की टप्पा पूर्ण व्हायचा, मूल्यमापक येऊन बघून जायचा, मग पैसे सुटायचे. कंपनीचा नियम असा, की वीस टक्के सहीच्या वेळी आणि उरलेले सगळे लॉरी निघायच्या आधी. सांगाडा उभा राहिल्याशिवाय बँक देणार नाही, आणि पैसे मिळाल्याशिवाय कंपनी सांगाडा पाठवणार नाही. दोन्ही कागदांवर माझीच सही. पुण्यातली मुदत ठेव मोडली, लंडनच्या मेहुण्याकडून बारा हजार घेतले. मेहुण्याने एका शब्दाने विचारलं नाही, त्याचंच जास्त लागलं.

सुरुवातीचे पैसे मी क्रेडिट कार्डाने भरले होते, कारण कंपनी बुडाली तर कार्डवाली बँक भरून देते असं ऐकलं होतं. तो कायदा 1974 चा, कलम 75. पण वस्तूची किंमत 30,000 पौंडांच्या वर गेली की ते कलम लागूच होत नाही. हे मला पैसे भरल्यावर सहा आठवड्यांनी कळलं. कंपनी बुडाली नाही, हे माझं नशीब.

पुन्हा त्या सकाळकडे. पाऊस आडवा लागत होता. अशा उदास, ओल्या हवेला इथे 'ड्रीख' म्हणतात. लॉरीवाला दोन तास थांबायला तयार होता, पुढे तासाला भाडं. मी शेजारच्या शेतकऱ्याच्या दारात गेलो. तो गवताचे गठ्ठे उचलायच्या यंत्रावरच बसलेला होता. काही न विचारता यंत्र सुरू करून माझ्यामागे आला. गठ्ठे उचलणं वेगळं आणि पाच मीटरचं पॅनल उचलणं वेगळं. तिसऱ्याच पॅनलला काट्याचं टोक आरपार गेलं. भोक मुठीएवढं. तो खाली उतरला, भोकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "खिडकी हवी होती का इथे?"

कैच्या मात्र त्या यंत्राने उतरवता येईनात. त्या त्याच लॉरीने परत गेल्या आणि क्रेन मिळाल्यावर आठवड्याने आल्या.

उभारणीवाले तिसऱ्या दिवशी आले. चौघे. त्यांच्या म्होरक्याने पॅनलांना हात लावायच्या आधी तिपाईवर लेझर लावली आणि काठी घेऊन जोत्याच्या स्लॅबवर कोपऱ्या-कोपऱ्यात फिरला. पहिले तीन कोपरे बरे होते. ईशान्येच्या कोपऱ्यात काठी टेकवली, थांबला, पुन्हा टेकवली. "एकोणीस," म्हणाला.

स्लॅब तिथे 19 मिलिमीटर खाली होती. कंपनीच्या नकाशावर मर्यादा होती 5. सोल प्लेट, म्हणजे सगळ्या भिंतीखालची आडवी पट्टी, सपाट बसली नाही तर प्रत्येक स्टडचा भार खाली नीट उतरत नाही आणि वर कैच्यांपर्यंत सगळं तिरपं होत जातं. राजापूरचा गवंडी हे पाणसळ आणि ओळंब्याने सांभाळायचा. इथल्या माझ्या स्लॅबवाल्याने आयुष्यभर गोठे आणि गोदामं बांधली. गोठ्या-गोदामांना 19 मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. त्याला 5 चा आकडा कोणी सांगायला हवा होता? कंपनीने तो नकाशा मला पाठवला होता. माझ्या मेलमध्ये तो न उघडता पडून होता, आणि स्लॅबवाल्याचा पत्ता माझ्याकडेच होता.

स्लॅबखालची जमीन, पाया, नळ यात कंपनीचा हात नाही. लाकूड कसं वागेल यात स्लॅबवाल्याचा नाही. मधला माणूस मी. एकाच कंपनीकडून सगळं घेतलं असतं तर मधे त्यांचा साइट मॅनेजर असता, त्याने ओतण्याआधी येऊन मोजलं असतं. 15,700 पौंड वाचवताना मी ती नोकरी बिनपगारी स्वतःकडे घेतली होती, आणि ती घेतली आहे हेच मला माहीत नव्हतं.

पट्टीखाली पाचरी आणि न आकसणारं ग्राउट भरायचं ठरलं. त्याला कंपनीच्या इंजिनिअरची लेखी संमती लागली, कारण इथे घराच्या मजबुतीचं प्रमाणपत्र त्याच्या सहीने कौन्सिलकडच्या बिल्डिंग वॉरंटमध्ये, म्हणजे बांधकामाच्या परवान्यात, गेलेलं असतं. या घटकेला कंपनी बदलावी असं मनात आलंच. पण नवी कंपनी म्हणजे नवं गणित, नवं प्रमाणपत्र, वॉरंटात दुरुस्तीचा अर्ज. चार दिवस उभारणीवाले बसून राहिले, मजुरी चालू. पॅनलं ताडपत्रीखाली भिजत होती. सांगाडा उभा राहिल्यावर सुतार दोन पिनांचा ओलावामापक लाकडात खुपसायचा आणि आकडा ओरडून सांगायचा: पंचवीस, चोवीस, सव्वीस. 20 टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय भिंती बंद करायच्या नाहीत. एप्रिल गेला, मेचे दोन आठवडे गेले. काकांचा फोन आला, "झालं का घर?" मी म्हटलं, "वाळवतोय." त्यांना वाटलं मी वाळवीबद्दलच बोलतोय.

घर झालं. गेल्या वर्षी व्हॅटचा अर्ज भरताना सगळी बिलं काढली, तेव्हा त्यांत दुसऱ्या कंपनीचा जुना दराचा कागदही निघाला. बायकोने तो वाचला. तिसऱ्या पानावर तिने बोट ठेवलं: स्लॅबची तपासणी, लॉरीचा रस्ता बघायला एक भेट, क्रेन, सगळं दरात धरलेलं. तिने कागद परत फायलीत ठेवला आणि चहा टाकायला गेली.

काट्याने पडलेलं भोक सुताराने ओएसबीचा तुकडा लावून बुजवलं. ते जिन्याच्या बाजूच्या भिंतीत आहे, प्लास्टरबोर्डच्या आड, जमिनीपासून साधारण चार फुटांवर. शेतकरी दर नाताळात येतो आणि त्या जागी बोटाच्या पेरांनी टकटक करतो.