आरशांची कांचळी

कांचळीला हळू बोलता येत नाही. ट्रंकेचं झाकण उघडलं की घडी मोडायच्या आधीच तिची कुरकुर सुरू होते. कवडी कवडीवर आपटते, नाणं काचेवर घासतं. बीड जिल्ह्यात अंबाजोगाई, धारूर, परळीच्या डोंगरपट्ट्यातल्या बंजारा तांड्यांवर जुन्या याडींपाशी, म्हणजे आयांपाशी, ती अजून आहे. पण तिचा मुक्काम आता बहुधा ट्रंकेतच असतो.

पुढून ही चोळी भरगच्च, मागून जवळजवळ नाहीच. उघड्या पाठीवर नुसत्या नाड्या. खाली घेरदार फेटिया, डोक्यावरून छांटिया, पण तिघींत तोरा हिचा. पाण्याशी तिचं जमत नाही, इस्त्रीचं तर नावच काढायला नको. ऊन मात्र तिला मानवतं. अंगणात चार पावलं चाललं की समोरच्या भिंतीवर उजेडाचे ठिपके पळायला लागतात. या चकाकीला रानातलं जनावर बिचकतं आणि दृष्टही लागत नाही, असं जुन्या बायका सांगतात. मला दुसरंही एक कारण दिसतं. ज्यांचं सगळं आयुष्य वाटेवर गेलं, त्यांना आपण लांबून ओळखू यावं असं वाटणारच.

तिचं वय आरशांवरून कळतं. जुने आरसे किंचित फुगीर, जाड, धुरकट. त्यांत आपलं तोंड लहान होऊन दिसतं. गुजरातेत कपडवंजला अशी काच बनत आली आहे. तोंडाने फुंकून काचेचा गोळा फुगवायचा, आतून कलई फिरवायची आणि मग तो गोळा फोडून तुकडे करायचे. गोळ्याचा बाक तुकड्यात उतरतो. त्यानंतरचे आरसे कारखान्यातले, सपाट आणि लख्ख. अगदी अलीकडे ठिगळाला लावलेल्या टिकल्या प्लॅस्टिकच्या. एकाच कांचळीवर हे तिन्ही सापडले, तर तीन पिढ्यांनी तिची डागडुजी केली असं खुशाल समजावं.

काचेला सुई लागत नाही. म्हणून आधी आरशावरून आडवे-उभे दोरे टाकून जाळं करतात, मग त्या दोऱ्यांना टाक्यात ओढत कडेने गोल कोंदण विणतात. आरसा कापडाला शिवलेला नसतोच, दोऱ्यांनी तो नुसता धरून ठेवलेला असतो. ही युक्ती बोटांतून बोटांत आली. ती वहीत कुणी उतरवली नाही.

काच गुजरातेतून आली, कवडी समुद्रावरून आली, आणि नेसणारीचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून उत्तरेतून दख्खनेत उतरले. या फिरत्या व्यापाराला लदेणी म्हणत. सतराव्या शतकातला फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचं वर्णन करतो. वाट अडली की प्रवाशांना दिवसच्या दिवस थांबावं लागे. मग रेल्वे आली आणि बैलांच्या पाठीवरचं ओझं उतरलं. त्याबरोबर पोटही गेलं. १८७१च्या इंग्रजी कायद्याने फिरत्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली. तो कायदा १९५२मध्ये रद्द झाला. फिरणं काही रद्द झालं नाही.

आता लदेणी उसाची आहे. दिवाळीच्या सुमारास तांड्यावरची आणि शेजारच्या गावांतली जोडपी मुकादमाची उचल फेडायला ऊसतोडीला निघतात: सांगली, कोल्हापूर, सातारा, थेट कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत. नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता. फडात कांचळी चालत नाही. पाचटाची पाती चामडी चिरतात, म्हणून तिथे बाई साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट चढवते. उसाच्या हंगामाचा खरा पोशाख तो शर्टच, आणि कोणत्याही संग्रहालयाने तोही मांडला पाहिजे. १५ फेब्रुवारीला बंजारांचे संत सेवालाल महाराज यांची जयंती येते, तेव्हा हंगाम जोरात असतो. कांचळी अंगावर चढावी असा हा दिवस पुष्कळजणींचा फडात आणि तिथल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जातो, ट्रंक मात्र घरी.

अडचणीच्या वर्षी कांचळी विकली जाते. जुन्या लमाणी कपड्यांना बाहेर भाव आहे. ते कापून पिशव्या, उशांचे अभ्रे, भिंतीवरची तोरणं होतात. गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटक असे तुकडे हौसेने घेतात. बाही एकीकडे, छाती दुसरीकडे. विकणारीचा मला राग येत नाही. पण घेणाऱ्याने एकदा तरी विचारावं, हे कुणाच्या अंगावर होतं.

अंबाजोगाईला कापड जपणं नवं नाही. नारायणपेठेहून निघून, मजल दरमजल करत इथे स्थिरावलेल्या संतकवी दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमारास एका पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिलं. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद असं ते कापड. थंडीत पांघरायचं जाडंभरडं कापड ग्रंथ झालं, आणि गावाने ते चारशे वर्षं सांभाळलं. कांचळीवर अक्षर नाही एवढ्यावरून तिला गोधडीच्या ढिगात टाकायचं कारण नाही.

वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं, ते चांगलंच झालं. पण बीडच्या स्थलांतराचं कापड आणि काच बीड जिल्ह्यातच, अंबाजोगाईतच मांडायला हवी. कांचळी, फडातला शर्ट आणि कोपीतली वाकळ शेजारी शेजारी. जो कुणी हे प्रदर्शन भरवील त्याला एकच विनंती. इथल्या योगेश्वरी देवीच्या मार्गशीर्षातल्या उत्सवाचा मुहूर्त धरू नका. गर्दी तेव्हा भरपूर असते, पण तांडे रिकामे असतात. प्रदर्शन आषाढात भरवा, म्हणजे जिची कांचळी तिलाही ते बघता येईल.